ओळखीचा दिवा



जाफराबाद म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर पूर्णा आणि केळणा या नद्यांचा संगम उभा राहतो, काळी जमीन आणि कपाशीची बोंडे दिसू लागतात. हेच नाव मुंबईच्या ससून गोदीत एखाद्या तांडेलापाशी काढून पाहा. तो म्हणेल, "जाफराबाद ना? मासळीचं बंदर आहे ते." त्याच्या ओळखीचे जाफराबाद सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात आहे. पूर्वी ते जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखाली होते. नाव एक आणि गावे दोन. एकाच्या वेशीशी गोडे पाणी, दुसऱ्याच्या वेशीशी खारे.

जमिनीवर असा घोटाळा झाला तर फार बिघडत नाही. पत्र उशिरा पोचते, पाहुणा भलत्याच एसटीत बसतो आणि मग महिनाभर त्यावर घरात हसणे चालते. पण काळोख्या रात्री समुद्रावर एक ठिकाण दुसरेच समजून जहाज वळवले, तर हसायला कोणी उरेलच असे नाही. ही चूक टळावी म्हणून माणसाने जी युक्ती काढली, ती म्हणजे दीपगृह. कोणी दीपस्तंभ म्हणतात, कोकणात बरेच जण सरळ लाइटहाऊस म्हणतात. या दीपगृहाचे काम कसे चालते, आणि थोरथोर चित्रकारांना ते का रेखाटावेसे वाटले, हे आज सांगायचे आहे.

आता कोणी म्हणेल, "समुद्र आमच्यापासून रस्त्याने चारशे किलोमीटरांच्या वर. कसली बत्ती अन् कसलं जहाज!" मंडळी, जरा दम धरा. समुद्र आपल्याला वाटतो तितका परका नाही, हेही ओघात दिसेल.

पहिली गोष्ट अशी, की दीपगृह म्हणजे मोटारीचा दिवा नव्हे. मोटारीचा दिवा पुढचा रस्ता उजळतो, खड्डा दाखवतो. दीपगृहाच्या उजेडात समुद्रातला एकही खडक दिसत नाही. तो दिवा खलाशाला एवढेच सांगतो, "मी अमुक ठिकाणचा दिवा आहे." पुढचा हिशेब खलाशाने करायचा. म्हणून दिवा नुसता दिसून भागत नाही, तो ओळखता आला पाहिजे.

ओळखायचा कसा? रात्री दुरून सगळे दिवे सारखेच. यावर तोड अशी काढली, की प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीला स्वतःची चाल द्यायची. समजा, एक दिवा दर दहा सेकंदांनी एकदा चमकतो. त्याच्या शेजारचा लागोपाठ दोनदा चमकून मग थांबतो. तिसऱ्याची पाळी वीस सेकंदांची. जवळजवळच्या दोन दिव्यांची चाल सारखी ठेवत नाहीत. या चाली पुस्तकात आणि समुद्राच्या नकाशावर छापलेल्या असतात. खलाशी घड्याळ पुढे धरून आकडे मोजतो आणि पुस्तकाशी ताडून पाहतो. आपण अंधारात नुसत्या खोकल्यावरून घरचे माणूस ओळखतो ना, त्यातलाच हा प्रकार.

आणि दिवसा? दिवसा दिव्याचा उपयोग नाही. तेव्हा मनोऱ्याचा रंग आणि आकार कामाला येतो. एखादा मनोरा सबंध पांढरा, एखाद्यावर काळेपांढरे पट्टे, एखाद्यावर लाल पट्टे. कोणी गोल, कोणी अष्टकोनी, कोणी चौकोनी. मागे हिरवा डोंगर असेल तर कोणता रंग उठून दिसेल, मागे नुसते आभाळ असेल तर कोणता, हे पाहून रंग ठरवावा लागतो. तेव्हा दीपगृहावर पहिला कुंचला फिरला तो रंगाऱ्याचा, चित्रकार मागाहून आले.

दिवा ओळखला की त्याचा उपयोग पाहा. खलाशी होकायंत्रावर दिव्याची दिशा पाहतो आणि नकाशावर त्या दिव्यातून त्या दिशेची रेघ ओढतो. आपले जहाज या रेघेवर कोठे तरी आहे, एवढे कळले. मग दुसऱ्या ओळखीच्या दिव्याची रेघ ओढतो. दोन रेघा जेथे एकमेकींना छेदतात तेथे आपण आहोत. इतके सोपे गणित. पण दोहोंपैकी एक दिवा जरी चुकीचा ओळखला, तरी सगळी रेघारेघ फुकट जाते.

गुरुजी, हा धडा शाळेच्या पटांगणात सहज होतो. तिन्हीसांजेला तीन मुलांना बॅटऱ्या देऊन मैदानाच्या तीन टोकांना उभे करा. एकाने पाच आकडे मोजून एकदा चमकवायची, दुसऱ्याने दहा आकडे मोजून दोनदा, तिसऱ्याने पंधरा मोजून एकदा. कोणाची चाल कोणती, ते कागदावर लिहून ठेवा. बाकीच्या मुलांनी पाठ फिरवून उभे राहायचे, मग वळायचे आणि कोणता दिवा कोणाचा ते ओळखायचे. पुढे दोघांच्या चाली मुद्दाम सारख्या करा. काय गोंधळ उडतो ते मुले स्वतःच पाहतील. पुस्तकातल्या दहा वाक्यांनी जे साधत नाही ते या खेळाने साधेल.

गणिताच्या तासालाही दीपगृह उपयोगी पडते. पृथ्वी गोल आहे, म्हणून दिवा कितीही प्रखर असला तरी ठरावीक अंतरापलीकडे तो पाण्याच्या वाकाआड जातो. दिवा समुद्रसपाटीपासून जितके मीटर उंच, त्या आकड्याचे वर्गमूळ काढा आणि त्याला ३.६ ने गुणा. उत्तर साधारण किलोमीटरांत मिळेल. दिवा ३६ मीटरांवर असेल तर वर्गमूळ ६, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. पाहणाऱ्या खलाशाचा डोळा पाण्यापासून ४ मीटर उंच असेल तर त्याचे आणखी ७ मिळवा. म्हणजे झाले २९ किलोमीटर. प्रत्यक्षात हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो, त्यामुळे आणखी थोडे दुरूनही दिसते. आता ध्यानात येईल, की देवगडच्या किल्ल्यात, रत्नागिरीच्या रत्नदुर्गाच्या टोकावर किंवा कोर्लईच्या टेकडीवर दीपगृहे का बांधली. बुरुजांना जी उंची शत्रू पाहायला हवी होती, तीच दिव्याला मित्रांना दिसायला हवी होती.

दिवा दूर पोचवण्याचे काम भिंगांनी केले. पूर्वी लाकडे आणि कोळसा जाळत, मग तेलाच्या वाती आल्या. पण बराचसा उजेड वर, खाली आणि मागे वाया जाई. फ्रान्सच्या ओगुस्तँ फ्रेनेल या शास्त्रज्ञाने कंगोऱ्याकंगोऱ्यांचे काचेचे भिंग रचले. त्यामुळे चहूकडे पसरणारा उजेड एका झोतात गोळा होऊ लागला. १८२३ साली कोर्दुआँच्या दीपगृहात ते प्रथम बसले. पुढे अशी मणामणांची भिंगे पाऱ्याच्या थाळीवर तरंगती ठेवू लागले. इतके वजन, पण बोटाने ढकलले तरी फिरे. घड्याळासारखी वजनाची दोरी ते फिरवी, आणि ती दोरी गुंडाळायला दीपगृहाच्या राखणदाराला रात्रीतून उठावे लागे.

आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरचे एक उदाहरण घेऊ. अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी नावाचे बेट आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी ते तटबंदीने बांधायला घेतले. मायनाक भंडारी तेथे उभे राहून काम करवून घेत होते. इंग्रज आणि सिद्दी, दोघांनीही ते काम बंद पाडण्यासाठी लढाया केल्या. पण काम पुरे झालेच. हा सिद्दी म्हणजे त्याच जंजिऱ्याचा. पुढे इंग्रजांच्या अमलात, १८६७ साली, याच बेटावर दीपगृह उभे राहिले. आज बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत खांदेरीही आहे. ज्या बेटासाठी तोफा धडधडल्या, तेथला दिवा आता येणाऱ्या प्रत्येक जहाजाला आपले नाव सांगतो. जहाजावर निशाण कोणाचे, हे तो विचारत नाही.

मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यापुढच्या खडकांवर प्राँग्स दीपगृह आहे. टॉमस ऑर्मिस्टन या इंजिनियराने ते १८७५ साली पुरे केले. ओहोटीला खडकांवरून चालत तिथवर जाता येते. भरतीला चहूकडून समुद्र. आपल्या देशाच्या किनाऱ्यावर अशी दोनशेच्या आसपास दीपगृहे आहेत. त्यांच्यासाठी १९२७ साली कायदा झाला होता, त्याच्या जागी २०२१ साली नवा कायदा आला. वात आणि दोरी केव्हाच गेली. आता बरेच ठिकाणी सूर्याच्या उन्हावर भरणारी बॅटरी असते आणि दिवा आपोआप लागतो.

उपग्रहाच्या यंत्रावर जहाजाचा ठावठिकाणा क्षणात कळतो, मग दिवे कशाला, असे मुले विचारतील. त्यांना सांगा, की यंत्र बंद पडते, वीज जाते, उपग्रहाचे संकेत कधी बिघडतात आणि कधी मुद्दाम बिघडवलेही जातात. अशा वेळी शहाणा खलाशी यंत्राचे उत्तर डोळ्यांनी पडताळून पाहतो. यंत्राने सांगितले आणि दिव्यानेही तेच सांगितले, की त्याचा जीव भांड्यात पडतो.

आता तुमच्या पूर्णेकडे वळू या. ही नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, जाफराबादेवरून पुढे जाते, परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते, आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. म्हणजे तुमच्या संगमावरून गेलेले पाणी कधी ना कधी समुद्राच्या वाटेला लागतेच. नद्या नुसते पाणी नेत नाहीत, मातीही नेतात. गोदावरीने हजारो वर्षे सबंध खोऱ्याची माती मुखाशी नेऊन टाकली, त्यातून तेथे सुपीक जमीन झाली, आणि पाण्याखाली उथळ भागही तयार झाले. जून १८६७ मध्ये 'सॅक्रामेंटो' नावाची अमेरिकन लढाऊ नौका गोदावरीच्या मुखाशी अशाच न दिसणाऱ्या उथळावर चढली आणि फुटली. सुदैवाने माणसे वाचली. त्या उथळाला पुढे त्याच नौकेचे नाव पडले, आणि आज तेथल्या दीपगृहालाही 'सॅक्रामेंटो' म्हणतात. तेव्हा पूर्णेवर येलदरीचे धरण नव्हते. पावसाळ्यात शेतांतून निघालेल्या गढूळ पाण्याला समुद्रापर्यंतची वाट बरीच मोकळी होती. त्या गाळात तुमच्या शिवाराची ओंजळभर माती नसेलच, असे कोण म्हणेल? बांधावरून माती वाहून जाते तेव्हा आपले नुकसान होते हे आपल्याला ठाऊक आहे. तीच माती दूरवर कोणाच्या तरी वाटेत जाऊन बसते, हेही ठाऊक असावे.

आता चित्रकारांकडे येऊ. दीपगृहाचे चित्र काढावे असे त्यांना का वाटले असेल? समुद्र आणि आभाळ सारखी हलती, बदलती. त्यांच्यामध्ये एक गोष्ट ताठ उभी आणि स्थिर. ती एक रेघ काढली की बाकीच्या सगळ्याला माप मिळते. लाट किती उंच, ढग किती खाली आला, नाव किती दूर, हे त्या रेघेवरून कळते. खलाशाला जो आधार समुद्रावर लागतो, तोच चित्रकाराला कागदावर लागतो.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यापाशी समुद्रात बेल रॉक नावाचा खडक आहे. भरतीला तो पाण्याखाली जातो. त्यावर रॉबर्ट स्टीव्हन्सन या इंजिनियराने दीपगृह बांधले आणि १८११ साली त्यात दिवा लागला. त्या कामाविषयीच्या पुस्तकासाठी स्टीव्हन्सनने टर्नर या विख्यात इंग्रज चित्रकाराकडून चित्र काढून घेतले. १८१९ सालचे ते जलरंगाचे चित्र. वादळ आहे, लाटा मनोऱ्यावर चढून येत आहेत, आणि मनोरा जागचा हललेला नाही. गंमत म्हणजे टर्नर स्वतः त्या खडकावर कधी गेलाच नव्हता. त्याने दुसऱ्यांनी काढलेल्या रेखाटनांवरून ते चित्र रंगवले. मात्र लाटा त्याच्या स्वतःच्या होत्या. समुद्र त्याने जन्मभर डोळे भरून पाहिला होता. जे पाहिले नाही ते जाणत्यांकडून नीट समजून घेतले, आणि जे पाहिले होते ते मनापासून ओतले. त्यामुळे ते चित्र बेल रॉकचेच झाले.

दुसरा चित्रकार अमेरिकेचा, एडवर्ड हॉपर. मेन प्रांतातल्या केप एलिझाबेथ येथल्या दीपगृहाचे त्याने १९२९ साली तैलचित्र काढले. वादळ नाही, नाव नाही, दिव्याचा झोत नाही, इतकेच काय, समुद्रही दिसत नाही. टेकडीवर पांढरा मनोरा, शेजारी राखणदाराचे घर, निळे आभाळ आणि भिंतीवर पडलेले ऊन व सावली. बस्स. तरीही पाहणाऱ्याला ती जागा विसरता येत नाही. १९७० साली मेन प्रांताला दीडशे वर्षे झाली, तेव्हा अमेरिकेच्या टपाल खात्याने तिकिटावर हेच चित्र छापले. आमची ओळख म्हणजे हे, असेच त्यांनी जणू सांगितले.

हे झाले परदेशातले. आपल्या शेजारी काय आहे? जाफराबादेहून अजिंठ्याची लेणी सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरांवर. तेथे दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात दीड हजार वर्षांपूर्वी रंगवलेले एक जहाज आहे. तीन डोलकाठ्या, त्यांवर शिडे, वळवण्यासाठी वल्ही, आणि जहाजावर ओळीने ठेवलेले रांजण. कथा आहे पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची, जो पुढे भिक्षू झाला. तो शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. त्याच्या भावाचे जहाज वादळात सापडते, सगळे पूर्णाचा धावा करतात, आणि तो त्यांना तारतो. व्यापाऱ्याचे नाव पूर्ण आणि तुमची नदी पूर्णा, हा योगायोगच. पण मोठा गोड आहे.

विचार करा, ते चित्र डोंगराच्या पोटात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर काढलेले. तरीही त्यात डोलकाठ्या किती आणि रांजण कोठे, याचा पत्ता आहे. पैठण आणि तेर येथला माल त्या काळी बैलगाड्यांनी बंदरांकडे जाई. त्या वाटेने माल जसा गेला तशा गोष्टीही आल्या असतील. चित्रकाराने जहाज स्वतः पाहिले असेल, नाही तर पाहिलेल्या माणसाला बसवून बारकाईने विचारले असेल. अंदाजाने ठोकून दिले असते तर आज आपण ते जहाज त्या काळचे म्हणून अभ्यासले नसते.

म्हणून, गुरुजनहो, आता मुद्द्याचे बोलतो. मुलांच्या चित्रकलेच्या वह्या पाहा. दीपगृह काढा म्हटले की निम्म्याहून अधिक वह्यांत एकच मनोरा उभा राहतो. लाल पट्टा, पांढरा पट्टा, लाल पट्टा. दोन्हीकडे पिवळे झोत, खाली शिडाची होडी, मागे अर्धा सूर्य. कोणत्या तरी दिनदर्शिकेवरून तो आला आणि एका वहीतून दुसऱ्या वहीत गेला. रंगकाम सुबक असते, शेराही 'छान' मिळतो. पण हे दीपगृह कोठले, असे विचारले तर उत्तर नाही. सगळ्या किनाऱ्यावर एकाच रंगाचे आणि एकाच चालीचे दिवे उभे केले तर एकही जहाज सुखरूप घरी येणार नाही. सगळ्या वह्यांत एकच चित्र असले तर मुलांचे डोळेही असेच भरकटतात. पाहायची सवय एकदा मोडली, की ती पीक पाहताना, माणूस पाहताना, बातमी वाचतानाही मोडलेलीच राहते.

मग करायचे काय? समुद्र दाखवायला सहल न्यायची ऐपत प्रत्येक शाळेची नसते. तिची गरजही नाही. आपल्याकडच्या किती तरी देवळांपुढे दगडी दीपमाळ असते. खाली रुंद, वर निमुळती, पणत्या ठेवायला चहूबाजूंनी दगडी हात काढलेले. त्रिपुरी पौर्णिमेला तिच्यावर दिवे लागले की दुरूनही ओळखू येते. जवळपास दीपमाळ असेल तर मुलांना तिच्यापुढे बसवा. सकाळी सावली कोणत्या अंगाला पडते, दुपारी दगड कसा दिसतो, सांजेला आभाळ मागे असताना तिची कड कशी उठते, ही तीन चित्रे काढायला सांगा. हात किती आहेत ते मोजायला सांगा. एखादा हात तुटलेला असेल तर तो तुटलेलाच काढायला सांगा, कारण तीच तिची खूण.

दीपमाळ नसली तरी अडत नाही. प्रत्येक गावाला आपला एक दीपस्तंभ असतोच. बाजार करून संध्याकाळी परतताना लांबून काय दिसले म्हणजे तुम्ही म्हणता, "आलं गाव"? कोणाला वड दिसतो, कोणाला पाण्याची टाकी, कोणाला मशिदीचा मिनार, कोणाला देवळाचा कळस, कोणाला मनोऱ्यावरचा लाल दिवा. ही खूण मुलांना शोधू द्या, आणि तीच काढू द्या. चित्रे झाली की खालची नावे झाकून ती शेजारच्या वाडीतल्या माणसाला दाखवा. चित्र पाहून तो "हे तर अमुक गावचं" म्हणाला, की त्या मुलाला पैकीच्या पैकी गुण द्या. रेघ थोडी वाकडी गेली असेल तर जाऊ द्या.

आणि पुढे त्या मुलांतले कोणी शासकीय रेखाकला परीक्षेला बसले, किंवा कोकणात जाऊन खरोखरचे दीपगृह पाहू लागले, तर ते आधी तिथल्या माणसाला विचारील, "याची चाल काय? याला हाच रंग का?" असे विचारणारे मूल आपण तयार केले, तर चारशे किलोमीटरांवरच्या त्या दिव्याचा उजेड आपल्या शाळेपर्यंत आला, असे खुशाल समजावे.